हेडफोन अँप प्रीअँप म्हणून लावला तर काही जळेल का?

पेठेतला_कान:
मंडळी एक शंका आहे. जुना इंटिग्रेटेड अँप (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात) गचकला, आता सेकंडहँड पॉवर अँप (स्पीकर चालवणारा) मिळालाय पण त्याला व्हॉल्यूमच नाही आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या नवीन प्रीअँपचं बजेट नाही. घरात हेडफोन अँप पडलाय, त्याच्या मोठ्या जॅकमधून केबल काढून थेट पॉवर अँपच्या आरसीए इनपुटला (मागची गोल सॉकेट) दिली तर चालेल ना? एकजण म्हणाला जळेल. बाबांचं म्हणणं, नसते उद्योग नकोत.

सोल्डरवाला:
जळत बिळत नाही काही. हेडफोन अँप ३२ ओहमचा लोड ओढायला बनवलेला असतो, पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहमच्या वरच, म्हणजे त्याला कामच नाही. हेडफोन अँपच्या मागे प्रीआउट (पॉवर अँपला जोडायचं आउटपुट) आहे का बघ, असला तर तोच वापर. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) लो ठेव.

धप्प_कोथरूड:
क्रम पाळ. हेडफोन अँप आधी चालू, पॉवर अँप शेवटी, बंद करताना उलटं. माझ्या अँपला आउटपुटला रिले (चालू होताना आउटपुट थोडा वेळ तोडून ठेवणारा स्विच) नाही, एकदा लाइट जाऊन आली आणि सगळं एकदम चालू झालं, स्पीकरमधून असा धप्प आवाज की खालचे काका वर आले सिलिंडर पडला का विचारायला 😅 आणि बॅलन्स्ड आउटला साधं आरसीए कन्व्हर्टर लावू नको, तिथे निगेटिव्हलाही सिग्नल असतो, तो ग्राउंडला शॉर्ट झाला तर मात्र खरंच जळेल.

पेठेतला_कान:
बॅलन्स्ड नाहीये. तापकीर गल्लीतून केबल आणली, पहिल्या दोन दुकानांत मोनो जॅकवालीच गळ्यात मारत होते. आवाज झकास, पण रात्री बाबा झोपल्यावर अगदी बारीक लावलं की फक्त डावीकडून येतंय, नॉब थोडा पुढे नेला की दोन्हीकडून. केबल परत करू?

सोल्डरवाला:
केबल नाही रे, पॉट, म्हणजे व्हॉल्यूम नॉबखालचा भाग. एका दांड्यावर दोन ट्रॅक असतात, ते तळाला सारखे नसतात. डॅक (लॅपटॉपचा डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा) २ व्होल्ट देतो, पॉवर अँप साधारण एक-दीडमध्येच फुल होतो, मग नॉब तळातच राहणार. लॅपटॉपचा व्हॉल्यूम उतरव म्हणजे नॉब वर येईल.

पेठेतला_कान:
५० वर आणला, दोन्ही बाजू सुरू! आता चार्जर लावला की बारीक घूं येतंय.

धप्प_कोथरूड:
ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडला दोन वाटा झाल्या की येणारी घूं. सगळं एकाच बोर्डवर घे, तरी राहिलं तर ऐकताना चार्जर काढ.