रिव्हर्स घेताना तुमचा उजवा पाय कुठे असतो?

वय ४३, लायसन्स नऊ वर्षांचं, गाडी हाताने गिअर टाकायची पेट्रोल वॅगन आर. पुढे जाताना मला कशाचं काही वाटत नाही, चांदणी चौकातूनसुद्धा आरामात जाते. मागे घ्यायची म्हटली की तळहाताला घाम.

परवा सोसायटीत मागे घेताना गाडी जराशी अडली. मागच्या चाकाखाली फरशीची कड होती, हे नंतर कळलं. मी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला, तेवढ्यात क्लच सुटला, आणि जास्वंदीच्या तीन कुंड्या एका दमात गेल्या. कुंड्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या. गाडीला नुसता ओरखडा आहे. काकू बोलत नाहीत.

क्लासमध्ये स्टिअरिंग कधी आणि किती फिरवायचं ते घोकून घेतलं होतं. वेगाबद्दल एकच वाक्य: 'हळू घ्या मॅडम.' हळू म्हणजे कशाने हळू? तुम्ही कसं करता, तुमच्यावर काय गुदरलं, ते लिहा. ठोकल्याचे किस्से आधी.

डबलबेल
एसटीत २६ वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यामुळे ठोकल्याचा किस्सा नाही, माफ करा. आमच्याकडे कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहिल्याशिवाय मी गाडी मागे घेत नसे. त्याची शिट्टी थांबली की माझा पाय ब्रेकवर. आरशात तो दिसेनासा झाला तरी गाडी उभी.
ताई, रिव्हर्सचा वेग डाव्या पायात असतो. क्लच सावकाश वर आणा, गाडीला हलकीशी थरथर आली की पाय तिथेच धरा. सपाटीवर रेस न देता गाडी आपली आपण सरकते. डिझेल पटकन सरकते, पेट्रोलला जरा वेळ द्यावा लागतो. उजवा पाय तोवर ब्रेकवर. कडेसारखं काही अडलं तर किंचित रेस द्यावीच लागते, पण चाक चढलं रे चढलं की क्लच खाली. तुम्ही नेमका तिथे सोडलात.

गॅरेजवाला
वरच्या काकांना नमस्कार, पण 'हाफ क्लचवर चालवा' (म्हणजे तो थरथरीवर पाय धरणं) हे अर्धंच ऐकून लोक माझ्याकडे जळक्या प्लेटा घेऊन येतात. एक गिऱ्हाईक रोज बेसमेंटच्या चढावरून रिव्हर्समध्ये वर यायचा, वर दुसरी गाडी दिसली की ब्रेक न लावता क्लचवरच गाडी तोलून धरायचा. वास येतोय म्हणून आला तेव्हा काम संपलेलं होतं. रेस न देता मिनिटभर हाफ क्लच केला तर काही होत नाही. चढावर थांबायचं तर हँडब्रेक.
आणखी एक. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला पुढच्या गिअरसारखी सिंक्रोची, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवून घेण्याची, सोय नसते. गाडी पुढे सरकत असताना टाकला की कर्रर्र. पूर्ण थांबा, क्लच दाबून दोन सेकंद जाऊ द्या, मग टाका. रिव्हर्समध्ये येणारा 'ऊंऽऽ' आवाज मात्र बिघाड नाही. त्या गिअरचे दात सहसा सरळ कापलेले असतात, म्हणून तो गातो.

पाखाडी
मी चिपळूणकडचा. घरापर्यंतची वाट दोन्हीकडून जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, बसलेली, वळवायला जागा नाही, सगळी रिव्हर्समध्येच. नवीन गाडी होती तेव्हा चुलतभावापुढे शायनिंग म्हणून भर्रकन मागे घेतली. गाडी आधी थोडी डावीकडे गेली, मी उजवीकडे ओढली, ती जास्तच उजवीकडे, आणि आरसा गडग्याला. पुढे जाताना सोडलं की स्टिअरिंग आपसूक सरळ होतं, मागे जाताना ते उलट आणखी वळायला बघतं. मागे बघताना वळणारी पुढची चाकंही आपल्या पाठीकडे राहतात, त्यामुळे शेपूट बघताना नाक गडग्याला लागतं. चालत्या माणसाच्या वेगात हे सावरता येतं, पळत्या नाही. आरसा अजून टेपवर आहे.

लेस्टरकर
इथे इंग्लंडात भारतातल्या लायसन्सवर १२ महिने चालवता येते, पुढे परीक्षा. पुण्यात १५ वर्षं चालवलेली, म्हणून एकही धडा न घेता गेलो. ४ डिसेंबर २०१७ पासून परीक्षेत रस्त्याच्या उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांच्या लांबीइतकं मागे यायचा प्रकारही आला आहे. तो मी झोकात केला. नापास! मी कॅमेऱ्यात बघत होतो, चहूकडे मान फिरवली नाही. दुसऱ्या वेळी शिकवणारीने एकच करायला लावलं: मान वळवायची असेल तर आधी गाडी थांबवायची. थांबत थांबत गेलो आणि पास झालो.

उतार
नाव देत नाही, कारण घरी अजून सांगितलेलं नाही. उतारावरून रिव्हर्समध्ये खाली येत होते. इंजिन बंद पडलं. घाबरून क्लच पूर्ण दाबला, म्हणजे इंजिनाने धरलेली गाडीही सोडून दिली. ब्रेक दोनतीनदा पंप केला. इंजिन बंद असताना ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेली ताकद तेवढ्यावरच संपते, पेडल दगडासारखं झालं. स्टिअरिंगही जड. हँडब्रेक ओढला तेव्हा मागे भिंत वीतभर होती. आता उताराला क्लचवरून पाय पूर्ण काढते, गाडी गिअरमध्ये राहू देते आणि फक्त ब्रेकने आवरते. ब्रेक लावून थांबायचं त्या क्षणापुरताच क्लच.

धागाकर्ती
उतार, तुमचं वाचून पोटात गोळा आला.
आज सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये डबलबेल काकांचं करून पाहिलं. थरथर सापडायला आठ वेळा गाडी बंद पडली, नवव्या वेळी सरकली, रेस न देता. कडेवरून मात्र अजून जमत नाही. काकूंनी उरलेल्या कुंड्या जिन्याखाली हलवल्या आहेत.