डिझाइन पेटंटांच्या संख्येवरून प्रदेशाचा नवोन्मेष मोजता येईल का?

प्रश्न

प्रदेशांच्या नवोन्मेषाची तुलना करणाऱ्या एका अभ्यासावर मी काम करत आहे. अशा अभ्यासांत सहसा तांत्रिक शोधांची पेटंटे मोजली जातात. परंतु त्यामुळे फर्निचर, पादत्राणे, दिवे अशा उद्योगांचे प्रदेश जवळजवळ रिकामे दिसतात, कारण तेथील नवेपणा बहुधा वस्तूच्या रूपात असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी दर लाख लोकसंख्येमागे मिळालेली डिझाइन पेटंटे (म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरील हक्क देणारी पेटंटे) हा निर्देशक घ्यावा, असा माझा विचार आहे. तो कितपत विश्वासार्ह मानावा आणि वापरण्यापूर्वी कोणत्या दुरुस्त्या कराव्यात?

प्रतिसाद १

आपण दाखवलेली उणीव खरी आहे आणि निर्देशक निरुपयोगीही नाही. मात्र या आकड्यात प्रदेशाच्या कल्पकतेइतकाच तिथला कायदाही मोजला जातो. अमेरिकेत डिझाइन पेटंट देण्यापूर्वी नावीन्याचे परीक्षण होते. चीनमध्येही त्याला पेटंटच म्हणतात, पण तेथे केवळ प्राथमिक तपासणी होते. युरोपीय संघात पेटंट नसून नोंदणी असते आणि ती करताना कार्यालय नावीन्य तपासत नाही. त्यामुळे या तिन्हींचे आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

एकाच व्यवस्थेत राहिलो तरी मोजणीचे एकक सरळ नसते. अमेरिकेत एका डिझाइन पेटंटात एकच दावा करता येतो, आणि वस्तूच्या ज्या भागावर हक्क सांगायचा नसतो तो आकृतीत तुटक रेषांनी दाखवतात. त्यामुळे एखादी कंपनी एकाच उत्पादनाचा संपूर्ण आकार, त्याची मूठ आणि त्याची कड यांसाठी स्वतंत्र पेटंटे घेऊ शकते. उलट युरोपात एकाच अर्जात अनेक डिझाइने समाविष्ट करता येतात, म्हणजे अर्ज मोजले की डिझाइने मोजली यावरही निकाल बदलतो. एकच मालक, एकच लोकार्नो वर्ग (डिझाइनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील वर्ग) आणि जवळपासच्या तारखा असलेल्या नोंदी एका गटात घेऊन मगच मोजणी करावी. वर्ष अर्जाचे धरावे, मंजुरीचे नव्हे.

प्रतिसाद २

पत्त्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मालकाच्या पत्त्यावरून मोजल्यास सगळे श्रेय मुख्यालयाच्या शहराला जाते. अमेरिकी पेटंटावर डिझाइनरचे राहण्याचे ठिकाण दिलेले असते; तेच धरावे आणि डिझाइनर अनेक असतील तर प्रत्येकाच्या प्रदेशाला अंशतः श्रेय द्यावे. युरोपीय नोंदणीत डिझाइनरचे नाव वगळण्याची मुभा असल्याने तेथे ही दुरुस्ती पूर्णपणे करता येत नाही.

लहान प्रदेशांत एखादीच कंपनी सगळा आकडा उचलून धरते. म्हणून सर्वांत मोठा अर्जदार वगळूनही क्रमवारी टिकते का, हे जरूर पाहावे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण माझ्या मते खरी अडचण मूल्याची आहे. पेटंटांचे आर्थिक मूल्य एकमेकांपेक्षा फार वेगळे असते, हे अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिकेस यांनी 1990 मधील आढावा लेखात स्पष्टपणे मांडले होते. तांत्रिक पेटंटांच्या बाबतीत नूतनीकरण शुल्कावरून थोडा अंदाज येतो, कारण निरुपयोगी पेटंटासाठी मालक पैसे भरत राहत नाही. अमेरिकेत डिझाइन पेटंटाला असे शुल्कच नाही. 13 मे 2015 पासूनच्या अर्जांवर मिळालेले पेटंट मंजुरीपासून 15 वर्षे आपोआप चालते. युरोपीय नोंदणी मात्र दर 5 वर्षांनी, कमाल 25 वर्षांपर्यंत, वाढवावी लागते. पहिल्या 5 वर्षांनंतरही मालकाने टिकवलेल्या नोंदी मोजणे, हा मला एकूण संख्येपेक्षा कितीतरी प्रामाणिक निर्देशक वाटतो.

आणखी एक गोष्ट. युरोपात नोंदणी न करताही डिझाइनला 3 वर्षांचे संरक्षण मिळते आणि झपाट्याने बदलणाऱ्या कपड्यांसाठी ते अनेकदा पुरते. तेव्हा आकडा कमी असला म्हणून तिथे नवे काही घडत नाही, असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आता अमेरिका आणि युरोप यांचे विश्लेषण मी स्वतंत्र ठेवीन. पडद्यावरील चिन्हे आणि स्क्रीनच्या मांडण्या यांची डिझाइने मोजणीत ठेवावीत का?

प्रतिसाद १

ठेवावीत, पण वेगळ्या स्तंभात. लोकार्नो वर्गीकरणात त्यांचा 14-04 हा स्वतंत्र उपवर्ग असल्याने ती सहज वेगळी काढता येतात. एकत्र मोजल्यास सॉफ्टवेअर कंपन्यांची शहरे वर जातील आणि ज्या फर्निचर व पादत्राणांच्या प्रदेशांसाठी आपण हा निर्देशक घेत आहात, तेच पुन्हा झाकले जातील.