६ जून २०२४, सॉल्ट लेक : त्या रात्री घरी काय घेऊन आलात?

तालीमकर, कोल्हापूर

भारताचा फुटबॉल कप्तान सुनील छेत्री याचा निरोपाचा सामना, म्हणजे कुवेतविरुद्धची विश्वचषक पात्रतेची मॅच, बघायला आपल्याकडून बरीच मंडळी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर गेली होती. मला त्या रात्रीचा गुंता अजून सुटलेला नाही. आनंद झाला म्हणावं तर घशाशी काहीतरी अडकलंय. वाईट वाटलं म्हणावं तर तशी रात्र पुन्हा नशिबात नाही, हेही कळतंय. म्हणून हा धागा काढला. मॅच कशी झाली ते सगळ्यांनी वाचलंय, ते नको. तुम्ही कुठनं गेलात, कुठं बसलात, काय दिसलं आणि बाहेर पडताना मनात काय होतं ते लिहा. गेला नसाल तरी लिहा.

सुरुवात मी करतो. ६ जून म्हणजे आमच्याकडं रायगड. त्यात शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं पूर्ण होत होती. पेठेतली निम्मी पोरं गडावर निघालेली आणि आम्ही चौघं हावड्याला. आई म्हणाली, "या वर्षी गड सोडून कुठं चाललास रं?" काय सांगणार? १६ मेला छेत्रीचा निवृत्तीचा व्हिडिओ आला त्याच रात्री आमचं ठरलं होतं. चार तारखेला संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंदमध्ये बसलो. लोकसभेच्या निकालाचा दिवस, डब्यात दुसरा विषयच नाही. आमच्यासोबत आण्णा होते. साठी कधीच ओलांडलेली, तरुणपणी आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून हाफला खेळलेले. त्यांनी तिकिटाच्या मागं पेनानं आपल्या गटातले गुण लिहून ठेवले होते : भारत ४, अफगाणिस्तान ४, कुवेत ३. वाटेत कुणी छेत्रीचं काढलं की आण्णा ते तिकीट पुढं करायचे. "हे बघा आधी. आज जिंकलं तर पात्रतेची तिसरी फेरी दिसती. आजवर कधी गेलोय काय आपण तिथं?"

आमच्या शाहू स्टेडियमवर खेळाडूनं दम घेतला तरी ऐकू येतो. सॉल्ट लेकला मैदानाभोवती धावपट्टी आहे आणि आम्ही अगदी वरच्या मजल्यावर. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. पण ११ नंबर त्याच्या पळण्यावरनं ओळखू यायचा. ५८,९२१ माणसं होती. बॉल त्याच्याकडं गेला की सगळं स्टेडियम उठायचं. बाकी दहाजणांच्या पायात असला की लोक नुसतं वाट बघायचे. मला मधेच कसंतरी झालं. ती पोरंही भारताचाच शर्ट घालून पळत होती.

शून्य-शून्य. शिट्टी झाली, आजूबाजूला लोक रडायला लागले. आमच्यातला एकजण तर मला धरून हमसत होता. आण्णा खालीच बसलेले. खिशातनं पेन काढलं, चारचे पाच केले, तिनाचे चार केले आणि तिकीट परत घडी घालून ठेवलं. मग छेत्री फेरी मारत, हात जोडत आमच्या बाजूला आला तेव्हा मात्र उठले. टोपी काढून हातात धरली आणि तो पार पलीकडं जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

मी त्या रात्री आण्णांसारखा होतो का त्या रडणाऱ्या दोस्तासारखा, मला सांगता येत नाही.


सेक्टर फाइव्हची पुणेकर

मी तेव्हा कामानिमित्त कोलकात्यात राहायचे. ऑफिस सेक्टर फाइव्हला, तिथून मेट्रोनं स्टेडियम पाचवं स्टेशन. त्याआधी आयुष्यात एकही फुटबॉल सामना प्रत्यक्ष पाहिला नव्हता. माझ्या टीममध्ये दोघी मैत्रिणी, एक मोहन बागान क्लबच्या घरातली, दुसरी ईस्ट बंगालच्या. डर्बीच्या, म्हणजे या दोन क्लबांच्या आपसातल्या सामन्याच्या आठवड्यात दोघी एका टेबलावर जेवत नाहीत, इतकं खरं असतं ते तिथे. त्या दिवशी दोघी निळ्या शर्टात एकाच डब्यात माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या. "आज इलिश-चिंगडी बंद," एक म्हणाली. इलिश मासा ईस्ट बंगालवाल्यांचा, चिंगडी म्हणजे कोळंबी बागानवाल्यांची, त्यावरून तिथे भांडणं.

उकाडा असा की श्वास घेतला तरी घाम यावा. पाऊस अजून आला नव्हता. शेजारच्या एक काकीमा स्वतःसाठी आणलेल्या पुठ्ठ्यानं आम्हा तिघींना वारा घालत होत्या. हाफटाइमला बाबांचा पुण्याहून फोन. ते घरी टीव्हीवर बघत होते. "दिसतोय का गं तो तुला?" मी म्हटलं, "बाबा, इतक्या लांबून सगळे निळे सारखेच." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मला इथे अगदी जवळून दिसतोय. दमलाय गं तो." टीव्हीपुढे बसलेल्या माणसाला जे दिसत होतं ते स्टेडियमात असून मला दिसत नव्हतं, याची हळहळ मला आजही आहे.

सहकाऱ्यांनी त्याला दोन रांगा करून मानवंदना दिली आणि तो रडला, तेव्हा मीही रडले. नियम धड न कळणाऱ्या मला इतकं का भरून यावं? माझ्या डावी-उजवीकडच्या दोघीही रडत होत्या आणि एकमेकींचे हात त्यांनी माझ्या मांडीवर घट्ट धरले होते. मला वाटतं मी जास्त त्यांच्यासाठी रडले.


संत्रानगरीचा बाप

नागपूरहून मुलीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा अकरा वर्षांची, शाळेच्या टीममध्ये खेळते. खोलीत छेत्रीचा फोटो. गाडीत तिला सगळं सांगत होतो : २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिली मॅच, तिथेच पहिला गोल, आज १५१ वी मॅच, ९४ गोल. आणि बापानं करू नये ते केलं. "आज पंच्याण्णववा बघशील," असं सांगून बसलो.

सुरुवातीलाच कुवेतचा एकजण मोकळा सुटला आणि आपला गोली गुरप्रीतनं वाचवलं. पोरीनं माझा दंड असा धरला की नखं रुतली. मग दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या आपला रहीम अली एकटा त्यांच्या गोलीसमोर. सगळं स्टेडियम उभं. नाही झाला गोल. आमच्या मागच्या रांगेतल्या एकानं त्या पोराला अशा शिव्या घातल्या की मी मुलीच्या कानावर हात ठेवले. तिनं ते हात बाजूला केले. मैदानावर हे असंच ऐकावं लागतं, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

बाहेर पडायला तास लागला. गर्दीत तिला खांद्यावर घेतलं, त्या वयाची पोर आता जड होते, पण उतरवलं नाही. वरून तिनं विचारलं, "बाबा, मग आता गोल कोण मारेल?" पंच्याण्णववा का नाही झाला असं विचारलं असतं तर परवडलं असतं. मी एकेक नाव आठवून पाहिलं. उत्तर दिलं नाही. परतीच्या गाडीत ती झोपल्यावर पुष्कळ वेळ जागा होतो. तिला एवढ्या लांब नेलं याचं समाधान होतं, आणि एवढ्या लांब नेऊन तिच्या हाती तो प्रश्न दिला याचं दुःखही होतं.


अंधेरी वेस्ट

मी गेलो नव्हतो. रजा होती, पैसे होते, मित्रानं तिकीट काढून ठेवलं होतं.

१ जून २०१८ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात भारत विरुद्ध चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) बघायला जे २,५६९ लोक होते त्यातला मी एक. भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक. प्रत्येक गोलनंतर आमच्या टाळ्या समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत यायच्या. दुसऱ्या दिवशी त्याचा तो व्हिडिओ आला, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमात येऊन करा, असं सांगणारा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानात पाणी, आणि छत नसलेल्या बाजूची माणसंही हलली नाहीत. ३-० जिंकलो, दोन त्याचे. त्या रात्री मी अंधेरी स्टेशनपर्यंत भिजत चालत गेलो. अंगात ताप होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मग कोलकात्याला का गेलो नाही? खरं सांगतो, मनात अढी होती. ज्याला मी रिकाम्या स्टेडियमात बघितलं त्याच्या निरोपाला साठ हजार लोक येणार, हे मला सहन होत नव्हतं. इतकी वर्षं कुठे होते हे सगळे? घरी मोबाइलवर बघितलं. तो रडायला लागल्यावर मोबाइल पालथा ठेवला. आता वाटतं, ती अढी त्या साठ हजारांवर काढायला नको होती. त्यांच्यातही कुणी क्वेट्टापासूनचा असेल. ते तिकीट मित्रानं दुसऱ्याला दिलं.


निळा_शर्ट, हैदराबाद

अंधेरीकर, तुमची अढी मला कळते. २०२४ या अख्ख्या वर्षात भारतानं एकही सामना जिंकला नाही. एकही नाही. छेत्री गेल्यावर पुढचा सामना देशात झाला तो इथे गच्चीबावलीला, ३ सप्टेंबरला मॉरिशसविरुद्ध, तोही शून्य-शून्य. मी आणि बायको गेलो होतो. आमच्या रांगेत पाय पसरून बसता येत होतं. ६ जूनला रडलेले त्या दिवशी निम्मे जरी आले असते! मला त्या अश्रूंचा राग नाही, पण भारताची मॅच म्हणजे एका माणसाची मॅच हे आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवलं.


हाजरा रोड

माझा जन्म कोलकात्याचा. वडील नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. महाराष्ट्र निवासाच्या गणपतीत वाढलेली आमची पिढी. या स्टेडियमला कागदोपत्री विवेकानंद युवा भारती क्रीडांगण म्हणतात, आमच्यासाठी ते जुबोभारती. १९८४ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून जातो आहे.

१३ जुलै १९९७ ला मी तिथे होतो. फेडरेशन कपचा उपांत्य सामना, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. नोंद आहे १,३१,७८१ प्रेक्षकांची. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, सिमेंटच्या पायऱ्या. एकदा पाय उचलला की परत टेकवायला जागा मिळत नसे. मी बागानचा. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि आम्ही ४-१ हरलो. घरी येताना कानात फक्त गरगर होती, दोन दिवस टिकली.

६ जूनला मुलगा आणि नातवाबरोबर गेलो. आता खुर्च्या आहेत, आकडे आहेत, म्हातारपणी बरं वाटतं. पण मला लक्षात राहिली आहे ती शिट्टीनंतरची शांतता. काही क्षणच असतील. बरोबरी म्हणून चडफडावं की माणूस निघाला म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हे इतक्या माणसांपैकी कुणालाच ठरवता येईना. डर्बीत अर्धं स्टेडियम हरतं आणि अर्धं जिंकतं, प्रत्येकाला आपलं दुःख कोणतं ते ठाऊक असतं. इथे तसं नव्हतं. मग पश्चिमेच्या बाजूला कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक दिली आणि सगळं भरून आलं. चाळीस वर्षांत या मैदानावर अशी शांतता मी ऐकली नव्हती.


फोंड्यातलो

मी आमच्या गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमचं लिहितो. १४ ऑक्टोबर २०२५, आशिया कपची पात्रता, समोर सिंगापूर. छेत्री निवृत्ती मागे घेऊन मार्चमध्ये संघात परतला होता, हे सगळ्यांना माहीत आहेच. जिंकायलाच हवं अशी मॅच, तीही आमच्या घरात. आपल्या छांगतेनं गोल मारला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचललं होतं. मध्यंतराच्या तोंडावर त्यांची बरोबरी, नंतर त्यांचाच दुसरा गोल. १-२. आशिया कपचा रस्ता बंद.

आमच्या गोव्यानं ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोली आणि कप्तान देशाला दिला. त्या गोव्यात हे बघावं लागलं. स्कूटरवरून फोंड्याला येताना बोरीच्या पुलावर थांबलो. भाऊ मागे बसला होता. दोघांपैकी कुणालाच घरी जाऊन सांगायचं नव्हतं. तरी पुढची मॅच इथे लागली तर जाणार, तिकिटं आत्ताच काढ म्हटलं तर आत्ता काढीन.


तालीमकर, कोल्हापूर

सगळ्यांचं वाचलं. हैदराबादकर, तुमचं लागलं मनाला, पण खोटं नाही.

राहिलेलं सांगतो. २०२४ च्या ११ जूनला कतारविरुद्धची दोह्याची मॅच, गटातली शेवटची, तालमीत बसून बघितली. छांगतेच्या गोलनं आपण पुढं होतो. मग बॉल रेषेबाहेर गेलेला दिसत असताना तो आत ओढून कतारनं मारला आणि तो गोल धरला गेला. २-१ हरलो. तिकडं कुवेत जिंकलं, आपली तिसरी फेरी गेली. पोरं टीव्हीसमोर ओरडत होती. आण्णांनी ते तिकीट काढलं, पण या वेळी त्यावर काही लिहिलं नाही. माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडं," म्हणाले. ते माझ्या पाकिटात आहे, भारतासमोर पाच आणि कुवेतसमोर चारच.

काल संध्याकाळी आण्णांना हा सगळा धागा वाचून दाखवला. हाजरा रोडवाल्यांचं ऐकताना दोनदा मान हलवली. नागपूरच्या पोरीचं आलं तसं मला थांबवलं आणि विचारलं, "डाव्यानं मारती का उजव्यानं?"

नागपूरकर, तेवढं सांगा. ते रोज विचारतील.


संत्रानगरीचा बाप

डाव्यानं. उजवा अजून कच्चा आहे, रोज सकाळी भिंतीवर मारून घेतो. आण्णांना नमस्कार सांगा.