मदत हवी आहे: समुद्री टाकी तीन फुटांवरून चार फुटांवर न्यायची आहे, जुन्या वाळूचं काय करू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. हॉलमध्ये ३ x १.५ x १.५ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, म्हणजे साधारण १९० लिटर. आता तिथेच ४ x २ x २ ची, सुमारे ४५० लिटरची टाकी बसवायची आहे. काचकाम झालंय, स्टँड तयार आहे, खाली १०० लिटरचा सम्प (पाणी गाळायची जोडटाकी) येईल. अडलंय ते जागेवर. जुनी उचलल्याशिवाय नवी बसत नाही, आणि जुनी रिकामी केली की सगळे जीव दिवसभर टबात.

आत क्लाउन माशांची जोडी आहे, एक रॉयल ग्रामा मासा, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), हातांसारखे तंतू असलेला बबल टिप अ‍ॅनिमोन आणि सॉफ्ट कोरल: झोआ, मश्रूम आणि एक मोठं टोडस्टूल लेदर. लाइव्ह रॉक, म्हणजे बॅक्टेरिया वसलेले दगड, अंदाजे २५ किलो. हार्ड कोरल नाहीत आणि ठेवणारही नाही. आपल्याकडे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये (संरक्षित यादीत) आहेत, तेव्हा 'मोठी टाकी झाली, आता एसपीएस (हार्ड कोरलचा एक प्रकार) टाका' असं कृपया कुणी सुचवू नका.

सगळ्यात जास्त काळजी वाळूची आहे. तीन इंचांचा थर, कित्येक वर्षं न हललेला. समोरच्या काचेतून तळाला काळपट पट्टा दिसतो. परवा पिपेटचं टोक तिथे जरासं खुपसलं तर एक बुडबुडा वर आला आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. दुकानदार म्हणतात, "जशीच्या तशी न्या, सगळे बॅक्टेरिया त्यातच असतात." दुसरीकडून ऐकते की हीच वाळू ढवळली गेली तर एका रात्रीत मासे जातात. दोन्हीकडचे लोक अनुभवी आहेत, म्हणून गोंधळ आहे.

शिवाय जुनं पाणी किती न्यावं? आणि अ‍ॅनिमोनचा पाय दगडाच्या फटीत खोल रुतलेला आहे, तो सोडवावा कसा? क्लाउनची मादी संध्याकाळी एखादा दाणा तोंडात धरून त्याच्याकडे नेते आणि हातांमध्ये सोडून येते. त्या दोघांची ताटातूट होऊ नये असं फार वाटतं.

– खाजणकाठ

*

ताई, वाळू टाका. सगळी.

दुकानदार अर्धं बरोबर सांगतात. बॅक्टेरिया वाळूत असतात, पण तुमच्याकडे २५ किलो लाइव्ह रॉक आहे आणि एवढ्या माशांची घाण पचवायला तो पुरेसा आहे. काळा पट्टा म्हणजे ऑक्सिजन न पोचलेला थर, आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. जागेवर असेपर्यंत तो थर कुणाला त्रास देत नाही. फावड्याने उपसून नव्या टाकीत ओतला की सल्फाइड, अमोनिया आणि साठलेला गाळ एकदम पाण्यात येतो. नवी अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा आणि इंच-दीड इंचच घाला. जुन्या वाळूतले छोटे किडे, वर्म्स हवेच असतील तर अगदी वरच्या, स्वच्छ थरातली वाटीभर वाळू बाजूला काढा. खालचं काहीही नको.

पाण्यात बॅक्टेरिया फारसे नसतात, त्यामुळे 'जुनं पाणी म्हणजे सायकल (घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार)' हा समज सोडा. तरी वरचं स्वच्छ पाणी जरूर न्या, कारण जीवांना ते सवयीचं आहे आणि तेवढं मीठ वाचतं. पहिले १००-१२० लिटर सायफनने ड्रममध्ये घ्या. वाळूपासून वीतभर वर आलात की थांबा, उरलेलं गटारात.

अ‍ॅनिमोनला हात लावू नका. दगडासकट उचला, पाण्याखालीच मोठ्या डब्यात घ्या आणि डबा तसाच हलवा. पाय फाटला तर तो सहसा वाचत नाही. नव्या टाकीत पहिले काही दिवस तो फिरेल, म्हणून वेव्हमेकरला (पाणी हलवणाऱ्या पंपाला) जाळी किंवा स्पंज लावून ठेवा. पंपात ओढला गेलेला अ‍ॅनिमोन सगळी टाकी नासवतो.

आणि झोआंचे दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तो दगड ब्रशने घासायचा नाही, गरम पाण्यात तर कधीच घालायचा नाही. वाफेतून घरभर माणसं आजारी पडू शकतात.

– समुद्रफेन

*

माशांआधी स्लॅबचं बोलू. मी बांधकामातला आहे.

टाकी आणि सम्पचं पाणी ५५० किलो, १२ मिमी काच ९० च्या आसपास, वर दगड, वाळू, स्टँड. पाऊण टनाच्या वर जातंय, आणि ते आठ चौरस फुटांवर. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चल भार (माणसं, सामान यांचा) धरतात चौरस मीटरला २०० किलो. म्हणून लगेच स्लॅब खाली येतो असं नाही, तो भार सगळ्या खोलीभर एकाच वेळी धरलेला असतो. पण टाकी भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे हवी. स्लॅबच्या मधोमध नको आणि बाल्कनीत तर नकोच. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग असतं, ते घेऊन एका इंजिनिअरला दाखवा. जुनी टाकी तिथे नीट होती म्हणून नवीही राहील असं धरू नका, वजन दुपटीच्या पुढे गेलंय.

स्टँड स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना तपासा. आणि टाकी घरात आणण्यापूर्वी नळाचं पाणी भरून दोन-तीन दिवस गळती बघा. बाल्कनीत नाही, खाली पार्किंगमध्ये.

– पाडकाम_बांधकाम

*

दोघांचेही मनापासून आभार. टाकीमागे बीम आहे, इंजिनिअरना बोलावते. वाळूचा निर्णय झाला.

आता पाणी. नवं सुमारे ३५० लिटर लागेल. माझ्या टाकीची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची क्षमता) ८ dKH आहे आणि नव्या बादलीतलं मीठ ११ दाखवतं. खारेपणा जुळवेन, पण ही तफावत चालेल का? आणि घरच्या आरओचं पाणी चालेल का?

– खाजणकाठ

*

पिण्याच्या आरओला टीडीएस (विरघळलेले क्षार) ३०-४० तरी राहतो, काहींत चवीसाठी मुद्दाम खनिजं मिसळतात. पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून मीटरवर ० येऊ द्या. ३५० लिटरला तेरा किलोच्या आसपास मीठ लागेल. आदल्या दिवशीच कालवा, पंपाने फिरवत ठेवा, हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ (सापेक्ष घनता) बघा.

अल्कलिनिटीसाठी नव्या पाण्याशी खेळण्यापेक्षा जुन्या टाकीचाच आकडा वर आणा. आत्तापासून दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी याच नव्या मिठाने बदला. स्थलांतराच्या दिवसापर्यंत दोन्ही जवळ आलेली असतील.

दिवस डिसेंबर-जानेवारीतला निवडा. मे महिन्यात टबातलं पाणी बघता बघता ३१-३२ अंशांवर जातं, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीज देखभालीसाठी बंद असते तो वार टाळा, बॅटरीवरचे दोन एअरपंप हाताशी असू द्या. मासे सगळ्यात शेवटी पकडा: दगड बाहेर, पाणी वीतभर, मग जाळी. दगड मध्ये असताना ग्रामाच्या मागे लागलात तर तो दमतो आणि तुम्हीही.

नव्या टाकीत आधी दगड थेट काचेवर पक्के बसवा, वाळू नंतर त्यांच्याभोवती. वाळूवर रचलेला दगड कुणी खालून उकरला तर कोसळतो. सम्पमधलं मीडिया (बॅक्टेरिया वसणारं गाळणीचं साहित्य) ओलं ठेवा. लाइट निम्म्यावर सुरू करून काही आठवड्यांत चढवा. पहिला पंधरवडा अमोनिया रोज तपासा, खाणं निम्मं करा आणि ६०-७० लिटर तयार खारं पाणी बाजूला ठेवा.

– समुद्रफेन

*

स्थलांतर झालं. सकाळी सातला सायफन लावला, दिवेलागणीला मासे नव्या टाकीत होते. अमोनिया दुसऱ्या दिवशी ०.२५ दिसला, बाजूच्या पाण्याने बदलल्यावर शून्यावर आला. अ‍ॅनिमोन दगडाच्या मागे गेला होता, आता वर येऊन पसरलाय आणि क्लाउनची जोडी त्यात शिरली आहे. जुनी वाळू उपसताना खालचा थर डांबरासारखा काळा निघाला. ती नव्या टाकीत गेली असती तर काय झालं असतं याची कल्पना आली.

एकच शंका: टोडस्टूल मिटून बसलंय, एकही पॉलिप बाहेर नाही, आणि वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आलाय. कुजतंय का?

– खाजणकाठ

*

नाही. लेदर जागा बदलली की असं करतं, कात टाकतं. वास येत नसेल आणि देठ घट्ट असेल तर हात लावू नका, फक्त वेव्हमेकरची धार थोडी त्याच्या बाजूला वळवा म्हणजे पापुद्रा सुटून जाईल. आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. सुटलेले तुकडे मात्र जाळीने काढत राहा.

– समुद्रफेन