प्युरिटन सज्जन आणि व्हर्जिनियावाले लोभी?

गोदाकाठ:
परवा इथे कुणीतरी अमेरिकेतल्या सतराव्या शतकातल्या इंग्रज वसाहतींबद्दल लिहिलं, मॅसॅच्युसेट्सला प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाची धर्मनिष्ठ माणसं गेली म्हणून शाळा निघाल्या, व्हर्जिनियाला लोभी गेले म्हणून गुलामगिरी आली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. फरक तंबाखूने पाडला. वाफ्यात रोपं करायची, मे महिन्यात एकेक रोप मातीच्या उंचवट्यावर लावायचं, शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, अळ्या हाताने वेचायच्या, मग कापून कोठारात टांगायचं. पान फार वाळलं की हात लावताच चुरा, ओलं भरलं की पिंपात सडतं. म्हणजे वर्षभर हात हवेत. तीन-चार पिकांत जमीन थकते, की पुढचं जंगल तोडा. नदीकाठच्या मळेवाल्याच्या दारातच जहाज लागायचं, मग गाव कशाला वसेल? आणि गावच नाही तर शाळा कुठे काढणार?

पाटीपेन्सिल:
आणि माणसं कोण गेली याला किंमतच नाही? १६३० च्या दशकात उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडला (मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या वसाहती) सुमारे २० हजार लोक गेले, बरेचसे बायकामुलांसह. व्हर्जिनियाला बहुतेक एकटे तरुण, चार ते सात वर्षं राबायच्या करारावर. मॅसॅच्युसेट्सचा १६४७ चा कायदा वाचा: ५० कुटुंबं झाली की लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर, १०० झाली की ग्रामर स्कूल, म्हणजे लॅटिन शिकवणारी शाळा. बायबल वाचता यावं म्हणून!

खाडीवाला:
उत्तरेत गुलामगिरी नव्हतीच असं धरून दोघंही भांडताय. १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेच युद्धकैदी आणि विकत घेतलेली माणसं गुलाम ठेवायला कायद्याने मुभा दिली. त्याआधी १६३८ मध्ये ‘डिझायर’ जहाज पेकॉट या स्थानिक जमातीच्या कैद्यांना कॅरिबियनमध्ये विकून परतलं ते कापूस, तंबाखू आणि आफ्रिकी माणसं घेऊन.

पाटीपेन्सिल:
विषय शाळांचा आहे. भरकटवू नका.

खाडीवाला:
भरकटवत नाही, शाळांचा पैसा कुठून आला ते सांगतोय. कॉड मासे चिरून, काटा काढून, मीठ लावून माचावर उन्हात वाळवायचे. पावसात झाकायचं राहिलं की माल गेला. चांगला माल स्पेन-पोर्तुगालला. तुटका, खराब माल कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या ऊसमळ्यांवर, गुलामांना खायला. येताना जहाजात काकवी, तिची रम. बंदरंच्या बंदरं त्यावर उभी राहिली.

गोदाकाठ:
खाडीवाल्यांचं ते जहाज प्रॉव्हिडन्स बेटावरूनच आलं होतं, निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोरच्या. तिथेही प्युरिटनच होते. तंबाखू-कापूस लावला आणि गुलाम आणले. धर्म तोच, मग झालं काय?

अक्षांश:
गोदाकाठ, सगळं पिकावर ढकलू नका. दक्षिणेकडची जॉर्जिया वसाहत १७३३ ला वसली, १७३५ ला गुलामबंदी. शेजारच्या कॅरोलायनात तशीच हवा, तशीच दलदल आणि भातखाचरांत गुलाम. बंदी १७५१ ला उठल्यावरच जॉर्जियातही तेच उघडपणे सुरू झालं. वेळ कायद्याने ठरवली.

गोदाकाठ:
उठलीच ना शेवटी? भाताचा नफा समोर दिसत होता म्हणूनच. पण ठीक आहे, आईचा दर्जा (गुलाम की स्वतंत्र) तोच मुलाचा, हा व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा तंबाखूने लिहिला नाही, मळेवाल्यांच्या सभेने लिहिला. तेवढं मान्य.

पाटीपेन्सिल:
मग ‘फरक तंबाखूने पाडला’ हे वाक्य वर जाऊन दुरुस्त करा.