मफलर का गुंडाळतो, रिंग का अडकते: सोसायटीच्या ग्रुपवरची एक संध्याकाळ

बी-४०१: ए-१०२ काकू, फोटो टाकलाय, बघा ना. मफलर बारा इंच झाला आणि दोन्ही कडा आत वळून चक्क नळी झाली. इस्त्री फिरवली तर बसेल का?

ए-१०२: इस्त्री अजिबात नको! लोकर अ‍ॅक्रिलिक आहे ना? गरम इस्त्री टेकली की ती मरते. लुळी, चपटी, चकचकीत होते आणि पुन्हा फुगत नाही. आणि हा दोष तुझ्या हाताचा नाही, विणीचा आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण वळणारच. पुढून टाका सपाट दिसतो, मागून त्याचा उंचवटा येतो, दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो. उभ्या कडा मागे वळतात, खालची आणि वरची पुढे. स्वेटरला हे जाणवत नाही, कारण कडा शिवणीत जातात आणि खाली बॉर्डर असते. मफलरला दोन्ही नाही.

बी-४०१: कडेला पाच-पाच टाके नुसते सुलट ठेवले तर?

ए-१०२: कमी होईल, जाणार नाही. मग ती पाच टाक्यांची पट्टीच अख्खी दुमडते. बाराच इंच आहे, उसव. मफलरला साबुदाण्याची वीण घाल. टाके विषम घे, ३९ किंवा ४१. प्रत्येक ओळ सुलटने सुरू, मग उलट, मग सुलट, शेवटही सुलटच. कुठली ओळ चाललीय ते लक्षात ठेवायलाच नको. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा सपाट पडते.

डी-३०१: विषमच हं. ४० घेऊन हेच केलंत तर सुलटवर सुलट आणि उलटवर उलट येईल, म्हणजे बॉर्डर होईल. तीही वळत नाही, पण आखडते. रुंदी निम्म्याजवळ येते.

बी-४०१: काका, ४० च घातले होते! आणि गंमत म्हणजे आता ४६ आहेत. मी कुठेच वाढवले नाहीत.

ए-१०२: वाढतात ते दोनच ठिकाणी. कड तिरकी बाहेर चाललीय की मधे मधे भोकं आहेत?

बी-४०१: कड तिरकी. भोक एकच आहे, मधे.

ए-१०२: मग पाच कडेला वाढले, एक मधे. काम वळवल्यावर पहिला टाका नीट बघ. धागा सलाईच्या वरून मागे ओढलास तर खालचा टाका वर ताणला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सलाईवर बसतात. एकाचे दोन दिसतात, तू दोन विणतेस. म्हणून सुलट ओळ सुरू करताना धागा आधी पुढून खाली सोडायचा आणि सलाईच्या खालून मागे न्यायचा. मधलं भोक म्हणजे विणता विणता धागा चुकून सलाईवरून फिरला. साबुदाण्यात सुलटवरून उलटवर जाताना तो दोन सलायांच्या मधूनच पुढे आण, नाहीतर पुन्हा तेच: फुकटचा टाका आणि खाली भोक. जाळीच्या डिझाइनमध्ये हेच मुद्दाम करतात.

एफ-१०५: सलाई काय, सुई म्हणा की.

ए-१०२: पुण्यात म्हण. इथे ग्वाल्हेरात दुकानात सुई मागितली की शिवणाची हातात ठेवतात.

डी-३०१: 😄 आणि मागताना नंबर सांगा. आपल्याकडे ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३. नंबर वाढला की सलाई बारीक. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात. त्यांची ८ नंबर ५ मिमीची, आणि आपल्या ८ ला ते ६ म्हणतात. मोबाइलवर बघून विणलेला स्वेटर दोन मापं लहान किंवा मोठा होतो, तो बहुतेक इथेच. नंबर सोडा, मिमी बघा.

ई-२०४: काका, नातवासाठी कानटोपी करायची आहे, पाच वर्षांचा आहे. टाके किती घालू?

डी-३०१: वहिनी, लोकर कोणती?

ई-२०४: मध्यम जाडीची, ८ नंबरवर.

डी-३०१: आधी नमुना विणा, सहा इंच रुंद. मधल्या १० सेंमीत टाके मोजा. कडेचे मोजू नका, ते नेहमी ताणलेले असतात. या लोकरीत साधारण २२ टाके आणि उंचीत २८ ओळी येतात. तुमचा हात सैल असेल तर २० येतील, मग खालचा हिशोब २० ने करा.
डोक्याचा घेर टेपने घ्या. समजा ५० सेंमी आला. टोपी घट्ट बसायला दहा टक्के कमी धरा, ४५. सेंटिमीटरला २.२ टाके, म्हणजे ९९. दहाने भाग जावा म्हणून १००. कडांना शिवणीसाठी एक-एक, एकूण १०२.
एक सुलट एक उलट बॉर्डर दोन इंच, पुढे साधी वीण. बॉर्डर धरून १३ सेंमी झालं की घट सुरू. सुलट ओळीत कडेचा एक, मग ८ सुलट आणि २ चा १ (दोन टाके एकत्र विणून एक), असं दहा वेळा, शेवटी कडेचा एक. मागची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीत ७ सुलट आणि २ चा १. असं उतरत या, शेवटी कडेच्यांसह १२ उरतील. धागा तोडून सुईने त्या बारातून ओवा, ओढा, त्याच धाग्याने शिवण घाला. घट १८ ओळींत होते, म्हणजे साडेसहा सेंमी.

ए-१०२: टाके घालतानाच आवळू नकोस हो, नाहीतर हिशोब बरोबर आणि टोपी डोक्यात जाईना. दोन सलाया एकत्र धरून त्यावर टाके घाल, मग एक काढून घे. बंद करताना धागा किती उरलाय तेही बघ. ओळीच्या रुंदीच्या तिप्पट लागतोच, मी चौपट ठेवायला सांगते.

ई-२०४: लोकर किती आणू?

ए-१०२: टोपीला ५० ते ७० ग्रॅम. मफलरला १५० ते २००. तान्ह्याच्या स्वेटरला १०० ते १५०. बाईमाणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४५० ते ५५०. एकदमच आण आणि प्रत्येक गोळ्याच्या पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घे. दुकानातल्या दिव्याखाली दोन लॉट सारखे दिसतात, उन्हात पाठीवर सरळ रेघ उमटते. वेगळा लॉट आलाच तर दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या असं तीन-चार इंच विण, रेघ विरघळते.

एफ-१०५: मेळा लागला की तिथेच घेऊ ना सगळ्याजणी.

ए-१०२: मेळा १९०५ पासून भरतोय, तो कुठे पळत नाही. थंडी पळते. ग्वाल्हेरात खरा कडाका डिसेंबर-जानेवारीचा, मेळ्याची वाट बघितलीस तर टोपी होळीला होईल. महाराज बाड्याच्या बाजारात जा.

सेक्रेटरी: सूचना. उद्या सकाळी टाकी धुणार, पाणी ९ ते १२ बंद. विणकामासाठी वेगळा ग्रुप करावा ही विनंती.

ए-५०२: काका, एकच प्रश्न, मग थांबते. सी-२०३ ताई, रुखवतासाठी रुमालाला टॅटिंगची लेस करतेय, शटलवरच्या धाग्याने बोटांवर गाठी घालून रिंगा करतात ती. टाके छान दिसतात, पण रिंग बंदच होत नाही. ओढलं की धागा तुटतो.

सी-२०३: गाठ पलटत नाहीये तुझी. दुसरं काही नाही. रिंग बंद होते कारण शटलचा, म्हणजे हातातल्या त्या छोट्या धोट्यावर गुंडाळलेला, धागा आतून सरळ जातो आणि टाके त्यावर मण्यांसारखे सरकतात. तुझ्याकडे शटलचाच धागा हातावरच्या धाग्याभोवती गुंडाळला जातोय. ती पक्की गाठ झाली, आता ओढून तुटेल, सरकणार नाही.

ए-५०२: दिसायला तर सारखंच दिसतं!

सी-२०३: म्हणून दोन रंग घे. शटलवर लाल, हातावर पांढरा, दोन्हीची टोकं एकत्र बांधून गाठ डाव्या चिमटीत धर. याची रिंग होत नाही, साखळी होते, पण सरावाला तीच बरी. पहिला अर्धा टाका: शटल हातावरच्या धाग्याच्या खालून ने, वरून परत आण. आता लाल धाग्याचा वेढा पांढऱ्यावर बसलेला दिसेल. इथे थांब. डाव्या हाताचं मधलं बोट खाली सोड, पांढरा ढिला पडू दे, आणि उजव्या हाताने लाल ताठ ओढ, काठीसारखा. वेढा टुणकन उडी मारतो: लाल सरळ होतो, पांढरा त्याच्याभोवती येतो. लाल ताठच ठेव, मधलं बोट वर उचल, पांढरा वेढा सरकत चिमटीपाशी येऊन बसतो. दुसरा अर्धा: शटल वरून ने, खालून परत आण, पुन्हा तेच. दोन अर्धे मिळून एक टाका.
टाके पांढरे दिसले तर बरोबर. लाल ठिपका दिसला तर तोच टाका चुकला, लगेच सुईने सोडव. दर टाक्यानंतर लाल धागा मागेपुढे ओढून बघायची सवय लाव.

ए-५०२: सगळे जण आधी शटल फिरवायचंच शिकवतात.

सी-२०३: शटल फिरवणं सोपं, डावा हात सैल सोडणं अवघड. सगळ्यांचा डावा हात घट्टच असतो. शटलला तर मराठीत धोटाच म्हणायला हवं, मागावरच्या धोट्याचंच धाकटं भावंड ते.

जी-३०२: माझी लेस पीळ पडल्यासारखी गोल फिरते, ते कशाने?

सी-२०३: एकच अर्धा पुन्हा पुन्हा होतोय. गाण्याच्या नादात होतं. खालून-वरून झालं की वरून-खालून आलंच पाहिजे.

ए-५०२: ताई, धागा शिवणाचा चालेल?

सी-२०३: शिकताना नको, फार बारीक. क्रोशाचा मर्सराइज्ड सुती धागा २० नंबर घे. इथेही सलाईसारखंच, नंबर वाढला की बारीक. हात बसला की रुमालाला ४० सुंदर दिसतो. लोकर तर नकोच, तिची लव एकमेकींत अडकते, टाका सरकत नाही. शटल काठाच्या बाहेर येईल इतकं भरू नको, धागा घासून काळा पडतो.
साधी लेस अशी: ५ टाके, पिको, ५, पिको, ५, पिको, ५, रिंग बंद. पिको म्हणजे दोन टाक्यांमध्ये मुद्दाम सोडलेली मोकळी जागा. ६ मिमी सोडलीस की सरकवल्यावर ३ मिमी उंच कमान होते. पाच-सहा मिमी मोकळा धागा ठेवून पुढची रिंग. तिचे ५ टाके झाले की आधीच्या रिंगच्या शेवटच्या पिकोतून बारीक क्रोशाने हातावरचा धागा वर ओढ, त्या फाशातून शटल काढ, घट्ट कर. जोडली गेली. रिंगांमधली जागा डोळ्यांनी मापू नको, पुठ्ठ्याची पट्टी कापून घे. लेस वेडीवाकडी दिसते ती टाक्यांमुळे कमी, या जागेमुळे जास्त.

ए-५०२: बंद झालेल्या रिंगमध्ये चूक सापडली तर?

सी-२०३: उघडते, पण कुरकुरत. शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके नखांनी दूर कर, आतला सरळ धागा उघडा पडेल. बोथट सुईने तो हळूहळू ओढ, बंद झालेल्या टोकाकडून ढील येते. पिको नसलेली रिंग उघडणं मात्र फारच अवघड, बहुतेक कात्रीच लागते.
धागा किती लागेल हे मला विचारू नको, प्रत्येकीचा ताण वेगळा. शटलवर दोन मीटर मोजून भर, पाच रिंगा कर, उरलेला मोज. त्याच पाच रिंगांची लांबी मोजली की बारा इंची रुमालाच्या चार बाजूंना किती रिंगा ते कळतं. कोपऱ्यावर दोन रिंगा जास्त धर, नाहीतर कोपरा वर उचलला जातो. आणि रुमालाचं कापड आधी धुऊन वाळव. सुती कापड आटलं की लेसच्या चुण्या पडतात.

बी-४०१: हीच लेस बाळंतविड्यातल्या टोपड्याला लावली तर किती गोड दिसेल!

सी-२०३: टोपड्याला नको, दुपट्यालाही नको. पिकोत तान्ह्याचं बोट अडकतं. लावायचीच तर बिनपिकोची, आणि दाबून शिवलेली.

ए-१०२: मोज्यांचंही तेच. दोन रंगांची नक्षी घातली की आतून धाग्यांचे लांब पट्टे राहतात, बाळाच्या बोटांना वेढा बसतो. तान्ह्याचे मोजे एकरंगीच विणा, टोकं आत शिवून टाका. सुईने हं. गाठी मारून सोडू नका.

जी-३०२: ताई, ती पलटी मला जमतच नाही. काही उपाय?

सी-२०३: सुईचं टॅटिंग करा. डोक्यापासून टोकापर्यंत एकाच जाडीची लांब सुई मिळते, टाके तिच्यावरच घालायचे आणि शेवटी धाग्यावर उतरवायचे. पलटी लागत नाही. लेस थोडी मऊ पडते, शटलसारखी कडक बसत नाही, पण खळ दिली की भागतं.

बी-४०१: काकू, उसवलं सगळं. लोकर शेवयांसारखी कुरळी झालीय.

ए-१०२: तशीच विणू नकोस, टाके वर-खाली दिसतील. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडव. पिळू नको, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ, मग सावलीत टांग. उद्या गोळा कर, तोही सैल, चार बोटं धाग्याखाली ठेवून. आवळून केला की लोकर ताणलेली विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मफलर आखडतो.

बी-४०१: टाकी उद्या धुणार आहेत ना, आजच बुडवते.

सेक्रेटरी: डी-३०१ साहेब, घेर ५६ सेंमी असेल तर टोपीला टाके किती?

डी-३०१: दहा टक्के कमी म्हणजे ५०.४, गुणिले २.२ म्हणजे साधारण १११. दहाच्या हिशोबात ११०, कडांचे दोन, एकूण ११२. घट ९ सुलट आणि २ चा १ ने सुरू करा. आणि १३ ऐवजी १५ सेंमीवर, कान झाकायचे असतील तर.

सेक्रेटरी: झाकायचे आहेत.