तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा अखंड लूप कसा करावा?

प्रश्न: रियाजासाठी घरच्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा लूप (पुन्हापुन्हा वाजत राहणारा तुकडा) तयार केला आहे, परंतु सांध्यावर दर वेळी ‘टक्’ असा आवाज येतो आणि छेडण्याची लयही अडखळते. उपाय सुचवावा.

उत्तर १: तुकड्याचा शेवट आणि आरंभ यांच्या पातळीत एकदम उडी पडली की टक् ऐकू येते. निवड करून झेड कळ दाबल्यास तिच्या कडा तरंग शून्याला छेदतो तेथे सरकतात. लयीचा दोष मात्र त्याने जाणार नाही.

उत्तर २: लयीसाठी पंचमाच्या (पहिल्या तारेच्या) छेडीपासून पंचमाच्याच छेडीपर्यंत, म्हणजे चारही तारांची पूर्ण आवर्तने घ्यावीत. मग तुकडा मधोमध कापून दोन्ही भागांची अदलाबदल करावी, म्हणजे मूळची टोके मध्ये येतात आणि नवी टोके मुळातच सलग असल्याने बिनतक्रार जुळतात. मधल्या सांध्यावर क्रॉसफेड (एक भाग हळूहळू मंद होत असताना दुसरा त्यावर चढत जाणे) द्यावा आणि तो बरोबर एका आवर्तनाइतका ठेवून दोन्हीकडच्या छेडी एकमेकींवर बसवाव्यात. नाहीतर तारा दुहेरी वाजतात.

प्रश्नकर्ता: ऑडॅसिटीत आता लूप निर्दोष वाजतो, पण एमपी-थ्री करून फोनवर लावल्यास सांध्यावर क्षणभर शांतता येते.

उत्तर १: एमपी-थ्री करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडली जाते. त्याऐवजी वेव्ह किंवा फ्लॅक हे फाइलप्रकार वापरावेत.